केळीतल्या वाघिणीचा दाखला

फैजपूर,
१२ जून २०२३

प्रिय प्रेमराज,

धुळ्यात तुझा सत्कार झाल्याचा फोटो पेपरात पाहिला. शाल बरी होती. अभिनंदन.

पत्र पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. फोनवर तू 'हो मॅडम, पाहतो मॅडम' म्हणतोस आणि ते हवेत जातं. कागदावर म्हणालास तर निदान माझ्या टेबलावर राहील. म्हणून उत्तर कागदावरच दे. पोस्ट अजून चालू आहे, मी चौकशी केली.

पूर्णाकाठच्या गावांना महामार्गाशी जोडणारा चौपदरी रस्ता होणार आहे, हे तुला माहीत असेलच. तो जोगणीच्या रानातून सरळ काढायचा आहे. हरकती मागवल्याची जाहिरात आली म्हणून मी मुक्ताईनगरला जाऊन कचेरीत बसून तो अहवाल वाचला. पंखा साहेबांच्या डोक्यावर होता, माझ्या डोक्यावर कोळ्याचं जाळं. वन्यजीवांवरच्या प्रकरणाचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे. या भागातले वाघ केळीच्या बागांत राहतात आणि तिथेच पिल्लं वाढवतात, सबब जोगणीचं रान तोडल्याने त्यांच्या वावरात विशेष फरक पडणार नाही. पुढे कंसात आधार दिला आहे: भंगाळे आणि बोरसे, २००४.

म्हणजे मी आणि तू.

सत्कार झाला की माणसं विसरतात, म्हणून सांगते आपण काय लिहिलं होतं. पूर्णाकाठच्या निंबाआबांच्या केळीच्या बागात वाघीण पिल्लं वाढवते हे आपण पहिल्यांदा नोंदवलं, खरं आहे. पण ते बाग पिलबागाचे होते. घड उतरला, झाड काढलं, तरी बुंध्याशी फुटलेलं पील वाढत राहायचं, त्याच्यामागे दुसरं. बाग वर्षानुवर्षं उघडा पडत नसे. आणि तरीही वाघीण बागात कायम राहत नव्हती. माणसांचा गलबला वाढला, पाण्याची पाळी आली, की ती पिल्लं तोंडात धरून जोगणीच्या रानात जायची. आपण स्पष्ट लिहिलं आहे की जवळ रान नसेल तर केळीचा बाग वाघाच्या काही उपयोगाचा नाही. ते वाक्य शेवटून दुसऱ्या पानावर आहे. अहवाल लिहिणारा तिथपर्यंत पोचलेला नाही. त्याने पहिलं पान वाचलं आणि बाकीची चहात बुडवून खाल्ली असावीत.

अहवालावर लेखकाचं नाव नाही, नुसता कुठल्याशा सल्लागार कंपनीचा शिक्का आहे. केळं फक्त सोलून पाहिलेला कुणी शहरी विद्वान असणार.

हा अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीवर तू आहेस. समितीला एवढंच कळव की निबंधात असं म्हटलेलं नाही. रस्ता नको असं मी म्हणत नाही. रानाला वळसा घालून न्या, म्हणते. दिवाळीनंतर झाडं तोडायला घेणार आहेत आणि रानात आत्ता एक वाघीण आहे. आपल्या वाघिणीची नात-पणती असेल.

सुंदरबाईंना नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे?

तुझी,
चारुलता भंगाळे

*

धुळे,
१ जुलै २०२३

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

किती वर्षांनी हाताने पत्र लिहितोय. दोन कागद फाडले. रूपा म्हणाली, "बायकोला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि मॅडमसाठी एवढी खाडाखोड."

आपली कळकळ समजली. पण मॅडम, रागाच्या भरात एक गोष्ट तुमच्या लक्षात येत नाहीये, ती नम्रपणे सांगतो. आपला निबंध आता आपला राहिलेला नाही. ब्राझीलमध्ये कॉफीच्या मळ्यांवर काम करणारे त्याचा आधार घेतात, इंडोनेशियात ताडाच्या लागवडीवरचे घेतात. शेतात वन्यप्राणी राहू शकतात, हे जगाला सांगणारा पहिला बाग आपल्या पूर्णाकाठचा. परदेशातल्या परिषदेत मी खानदेशचा म्हटल्यावर लोक विचारतात, म्हणजे त्या केळीतल्या वाघिणीच्या गावचे? तेव्हा मला जे वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. माझं सगळं पुढचं काम, माझी नोकरी, माझ्या विद्यार्थ्यांची कामं त्या एका निबंधातून निघाली. दिपमाला म्हणून माझी विद्यार्थिनी आहे, तिचा प्रबंध तर पूर्ण त्याच्यावरच उभा आहे.

आणि केळीचं क्षेत्र कमी नाही झालं, वाढलं आहे. आम्ही उपग्रहाचे नकाशे काढले. आपण फिरलो तेव्हा जिथे कपाशी होती, तिथेही आज हिरवीगार केळी आहे. त्या हिशेबाने वाघाला जागा वाढलीच.

आपण हरकत लेखी द्यावी. मी तिच्यात लक्ष घालतो. वर्तमानपत्राकडे मात्र एवढ्यात जाऊ नये ही विनंती.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "वाघ रानमा ऱ्हास. केळीमा काय भाडानी खोली लिसन ऱ्हास का?" मी म्हटलं, आई, मॅडमनी तेच तर शोधून काढलं. तर म्हणे, "मंग भाडेकरूले तं मालक कव्हय बी काढी टाकस." तिला शास्त्र काय समजावणार. गुडघा तसाच आहे.

आपला विद्यार्थी,
प्रेमराज बोरसे

*

फैजपूर,
९ जुलै २०२३

प्रेमराज,

तुझ्या आईला माझा निबंध तुझ्यापेक्षा जास्त कळला आहे. त्यांनाच समितीवर पाठव.

उपग्रहाला हिरवं दिसलं म्हणतोस. हिरवं तर बिलियर्डच्या टेबलावरचं कापडही असतं. तू शेवटचा बागात कधी शिरलास? मी परवा गेले होते. निंबाआबा आता नव्वदीला टेकलेत, खाटेवर असतात. शेती नातू योगराज बघतो. त्याने मला मोटरसायकलवर मागे बसवून सगळीकडे फिरवलं. या वयात साडी सावरत केळीच्या बांधावरून मोटरसायकलवर जाणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही, पण निदान मी गेले.

पिलबाग संपला, प्रेमराज. आता प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूची रोपं असतात, सगळी एका दिवशी लावलेली, एका उंचीची, परेडला उभी केल्यासारखी. घड कागदी पिशवीत. माल परदेशी जातो. एक दिवस व्यापाऱ्याची टोळी येते, दोन-तीन दिवसांत शेत मोकळं, मागून ट्रॅक्टर येऊन खोडांचा चुरा करतो. पील ठेवत नाहीत. काल जिथे रान वाटत होतं तिथे आज क्रिकेट खेळता येईल. वर्षभर हिरवा असलेला बाग असा एका आठवड्यात जमिनीला मिळतो, आणि आजूबाजूचे सगळे बागही त्याच महिन्यात, कारण सगळ्यांची लागवड एकदमची. त्या आठवड्यात पिल्लांची आई कुठे जाणार? जोगणीच्या रानात. तेच तोडणार आहात.

मी आबांना विचारलं, तुम्ही पूर्वी रांगा सोडायचात ना? तुला आठवत असेल, वाघीण व्याली की आबा त्या बाजूच्या केळीला हात लावत नसत. घड झाडावर पिकून काळे पडले तरी. गावात म्हणायचे, बाळंतीण आहे, त्या बाजूला जाऊ नका. दगडाच्या वाघदेवाला नारळ फोडायचे आणि विषय संपला. आपण हे निबंधात घातलं तेव्हा इंग्लंडच्या परीक्षकाने 'लोककथा' म्हणून काढायला सांगितलं होतं, आणि मी त्याला चार पानी उत्तर लिहून ते ठेवायला लावलं होतं. ते पाकीट तूच पोस्टात टाकलंस.

आबा म्हणाले, "बाई, पयले माल आमचा व्हता. आता माल कंटेनरवाल्याचा, तारीख त्याची. मी कोनाले सांगू बाळंतीन हाये म्हनून?" योगराज हसून म्हणाला, "मॅडम, वाघिणीले आगाऊ नोटीस द्या ना तुमी. अमक्या तारखेले बाग खाली करा म्हनून." पोटातून हसला नाही तो. त्याचंही डोकं फिरलेलं आहे, पण त्याला धंदा करायचा आहे.

आता दुसरी गोष्ट. येताना पुन्हा कचेरीत थांबले आणि ते प्रकरण परत वाचलं. त्यात एक वाक्य आहे: 'स्थानिक लोक ज्याला चष्मा नाला म्हणतात त्या ओहोळाच्या काठाने वाघाचा वावर आढळतो.'

स्थानिक लोक त्याला काहीही म्हणत नाहीत. योगराजला विचारलं, त्याने ते नावही ऐकलेलं नव्हतं. त्या नाल्यात माझा चष्मा पडला होता, तू गुडघाभर चिखलात उतरून काढून आणलास, आणि त्या दिवसापासून आपण दोघे त्याला चष्म्याचा नाला म्हणत आलो. तिसऱ्या कुणाला ते नाव माहीत नाही. निबंधातही नाही.

भुसावळच्या कॉन्व्हेंटात ख्रिश्चन मुलींना शनिवारी कबुलीजबाबाला बसवायचे. आम्हा हिंदू मुलींना बाहेर बाकावर. त्यामुळे मला कबुली द्यायची सवय नाही, घ्यायचीही नाही. पण तुझी घेईन म्हणते. लिही.

चारुलता भंगाळे

*

धुळे,
२० ऑगस्ट २०२३

आदरणीय मॅडम,

उत्तराला उशीर झाला. लिहिण्याचं धैर्य होत नव्हतं.

हो. ते प्रकरण मी लिहिलं. कंपनीने विद्यापीठामार्फत काम दिलं, आणि समितीवर असल्यामुळे माझं नाव घालता आलं नाही. हे बरोबर नव्हतं हे मला माहीत आहे. पण मी लिहिलं नसतं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, आणि त्याने वाघाचा उल्लेखही केला नसता. मी निदान रस्त्याखालून प्राण्यांसाठी तीन मोऱ्या टाकायला लावल्या.

मॅडम, तुम्ही माझ्यावर रागवा, पण एकदा माझ्या बाजूनेही बघा. मी सोनगीरचा. आमच्या किल्ल्याखालून आग्रा रोड जातो. तो नसता तर मी धुळ्याला कॉलेजात गेलो नसतो आणि तुमच्यापर्यंत पोचलो नसतो, शेळ्या वळत बसलो असतो. तुम्हाला आठवतं का, आपण पूर्णाकाठी असताना त्या सुमनबाईंना बैलगाडीतून मुक्ताईनगरला नेलं होतं? बाळ वाटेतच गेलं. तुम्ही गाडीत बसून तिचा हात धरला होता. त्या गावांना आजही पावसात चिखलातून जावं लागतं. तुम्ही वाघिणीच्या बाळंतपणासाठी रांगा मोजल्या. मी बायकांच्या बाळंतपणासाठी रस्ता मागतोय. यात मी एवढा वाईट कुठे झालो?

वळसा घातला असता तर खर्च वाढतो म्हणून काम पुन्हा दहा वर्षं मागे पडलं असतं. रान नाही तोडलं तर रस्ताच नाही, असं मला सांगण्यात आलं.

आणि बाग हे वाघाचं घर आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत.

आपला,
प्रेमराज

*

फैजपूर,
२७ ऑगस्ट २०२३

प्रेमराज,

सुमनबाईंचं लिहिलंस, ते खरं आहे. त्या बाईचा हात मी विसरलेले नाही, म्हणूनच पहिल्या पत्रात लिहिलं की रस्ता करा. पण तिच्या मेलेल्या बाळाला वळशाच्या खर्चात धरू नकोस. ते ठेकेदाराच्या सोयीसाठी मेलं नव्हतं.

आणि तुझ्या मोऱ्या. मी त्यांचं माप पाहिलं. त्यातून मुंगूस जाईल, कोल्हा जाईल, आणि तुझ्यासारखा मागे वळून न बघणारा माणूस वाकून जाईल. वाघीण जाणार नाही. हे तुलाही माहीत आहे.

हरकत दिली होती, तिचं उत्तर आलं. एक ओळ: 'हरकतदाराचे म्हणणे स्वीकृत शास्त्रीय साहित्याशी विसंगत आहे.' हरकतदार मी. शास्त्रीय साहित्यही मीच. मी माझ्याशी विसंगत आहे असं सरकारने मला कळवलं आहे. सोबत निबंधाची प्रत जोडली होती, मी वाचलेला नसेल तर असावी म्हणून.

चार दिवस जेवण गेलं नाही. मग मी एक केलं, ते तुला सांगते, कारण तू दुसरा लेखक आहेस आणि तुला कळणारच आहे.

निबंध छापणाऱ्या इंग्लंडच्या नियतकालिकाला मी लिहिलं की तो मागे घ्या. कारण दिलं की नोंदी विश्वासार्ह नाहीत, ठसे ओळखण्यात घोळ होता, दोन वाघिणींना आम्ही एक समजलो.

हे धादांत खोटं आहे. एकूण एक नोंद खरी आहे. तुझी प्रत्येक नोंद मी स्वतः तपासलेली आहे, तुला रडवून तपासलेली आहे. पण खरं लिहून पाहिलं, कुणी शेवटून दुसऱ्या पानापर्यंत येत नाही. अटी कुणाला नकोत, सगळ्यांना फक्त मथळा हवा. मग मथळाच काढून घेते. निबंध नसेल तर कंसात काही घालता येणार नाही. कंस रिकामा झाला की ते प्रकरण पडेल, समितीला पुन्हा पाहणी करावी लागेल. पाहणी केली तर कुणालाही दिसेल की बाग उरलेले नाहीत.

याने माझं काय होईल ते मला माहीत आहे. नाव जाईल. मला मूलबाळ नाही, घर भावाच्या नावावर आहे. कॉलेजने निरोपाला दिलेलं घड्याळ केव्हाच बंद पडलं. तेवढा एक निबंध होता. फैजपूरच्या एका बाईने केलेला, आणि खरा. कॉन्व्हेंटातली सिस्टर फिलोमिना म्हणायची, खोटं बोललेल्या जिभेला मीठ लागत नाही. गेले तीन दिवस माझं वरण अळणी लागतंय. पण वाघीण रानात आहे अजून.

संपादक तुला विचारतील. तू एवढंच कर. हो म्हण. तुला त्याने फार झळ लागणार नाही, सगळा दोष मी माझ्यावर घेतला आहे. हो नाही म्हणता आलं तर गप्प बस. गप्प बसायची सवय तुला आहेच.

चारुलता

*

धुळे,
१५ डिसेंबर २०२३

आदरणीय मॅडम,

फोन केले, तुम्ही उचलले नाहीत. म्हणून लिहितो.

संपादकांचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. त्यांनी मला विचारलं होतं. मी खरं ते सांगितलं. तुमच्या प्रत्येक नोंदीला मी साक्षीदार आहे, ठशांची मापं आपण दोघांनी वेगवेगळी घेऊन ताडून पाहिली होती, आणि इतकं निर्दोष काम मी नंतर माझ्या स्वतःच्या हातूनही झालेलं पाहिलं नाही, असं लिहून दिलं. जुने सगळे कागद पाठवले. त्यांनी तपासले आणि निबंध कायम ठेवला. उलट पुढच्या अंकात टीप छापणार आहेत की एवढ्या वर्षांनी फेरतपासणीतही तो खरा उतरला.

मॅडम, मी पहिल्यांदा तुमच्या शब्दाबाहेर गेलो. तुम्ही म्हणाल प्रेमराजने स्वतःची कातडी वाचवली. तेही असेल. पण देवाशप्पथ सांगतो, तुमचं पत्र वाचून मी कारमध्ये बसून रडलो. मी एक शून्य जास्त लिहिलं म्हणून ज्या बाईने मला उन्हात परत सहा मैल पाठवलं होतं, ती स्वतःला खोटी म्हणवून घेणार, हे मला बघवलं नसतं. आपली गुरू विहिरीत उडी घेत असेल तर विद्यार्थ्याने हात धरायचा नाही का?

समितीने अहवाल मंजूर केला. मी त्या बैठकीला गेलो नाही.

राग ओसरल्यावर दोन ओळी लिहा.

आपला विद्यार्थी,
प्रेमराज

*

फैजपूर,
२२ डिसेंबर २०२३

प्रेमराज,

मी उडी घेत नव्हते. विहिरीत आधीच कुणीतरी पडलेलं होतं, मी दोर सोडत होते. तू दोर ओढून घेतलास आणि मला वाचवलं म्हणतोस.

काल योगराजचा फोन होता. करवती आल्या आहेत.

चारुलता भंगाळे

*

धुळे,
३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मॅडम,
दीपावलीच्या शुभेच्छा.

जवळपास वर्ष झालं. मी तीन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. पोचली असतील असं धरून चालतो.

आई श्रावणात गेली. तुम्हाला निरोप ठेवला होता. तुम्ही याल असं उगाच वाटत राहिलं. शेवटच्या दिवसांत ती विचारायची, "तुन्या मॅडम आजून तुन्यावर रागे भरेल शेतस का?" मी नाही म्हणायचो.

रस्ता सुरू झाला. पहिल्याच महिन्यात चार बायका अ‍ॅम्ब्युलन्सने वेळेवर मुक्ताईनगरला पोचल्या, त्यांतल्या एकीला जुळं झालं. हे तुम्हाला कळावं असं वाटलं. वाघीण परिसरातल्या बागांत गेल्याचं वन खात्याने कळवलं आहे. ते वाचून मला किती हलकं वाटलं, सांगू शकत नाही. म्हणजे आपण तेव्हा जे पाहिलं, ते आजही तसंच आहे.

आता मुख्य विषय. तुमच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ काढायचं आम्ही माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं आहे. जळगावला कार्यक्रम करू. बाहेरच्या देशांतून लेख आले आहेत. शेतात राहणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास ही जी शाखा झाली, तिची सुरुवात तुम्ही केलीत, असं सगळ्यांनीच लिहिलं आहे. दिपमालाला पदवी मिळाली, ती संपादन करते आहे. तुमचा एक फोटो आणि पूर्णाकाठच्या दिवसांवर एखादं पान हवं आहे.

नाही म्हणू नका, मॅडम.

आपला,
प्रेमराज

*

फैजपूर,
१९ जानेवारी २०२५

प्रेमराज,

सुंदरबाईंच्या तेराव्यानंतर मी सोनगीरला आले होते. तू कुठल्याशा बैठकीला दिल्लीला गेला होतास. रूपाने चहा केला, आम्ही दोघी ओट्यावर बसलो. तुला सांगू नकोस असं मीच तिला म्हटलं होतं. बाई शहाणी आहे, शब्द पाळला. तुझी आई फार चांगली होती. मला पहिल्या भेटीतच म्हणाली होती की या पोराला मारत जा, लाडाने बिघडतो.

बायका वेळेवर पोचतात ते ऐकलं. जुळ्यांचंही ऐकलं. बरं वाटलं. खोटं नाही लिहीत.

वाघिणीबद्दल लिहिलंस म्हणून उत्तर देते आहे, नाहीतर दिलं नसतं.

रान तुटलं तेव्हापासून मी आणि योगराज तिला शोधतो आहोत. तो आधी नुसता मला सोडायला यायचा, आता स्वतःहून येतो. त्याच्या बागापासून सुरुवात केली, मग शेजारचे, मग नदीच्या पलीकडचे. पाणी सोडल्यावर ओल्या मातीत मांजराचं पाऊलही उमटतं. रानडुकरांचे ठसे आहेत, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. तिचा एकही नाही. उन्हाळ्यात सगळे बाग एकाच वेळी कापले, तेव्हा आम्ही बांधावर बसून राहिलो. ससे पळाले, एक रानमांजर पळालं. ती आली नाही. नवीन लागवड पुरुषभर उंच झाली, तेव्हाही फिरलो. विष्ठा नाही, झाडावर ओरखडा नाही, मारलेलं जनावर नाही. ती मेली म्हणावी तर मेलेलीही सापडली नाही.

मग खात्याला अर्ज केला. उत्तर तेच, जे तुला मिळालं. वाघीण केळीच्या बागांत गेली आहे. मी कचेरीत जाऊन विचारलं, कुणी पाहिली? कॅमेऱ्यात आली का? तिथल्या बाबूला माझी दया आली असावी. त्याने फाइल फिरवून माझ्यासमोर ठेवली. कुणीही पाहिलेली नाही. कॅमेरे लावलेले नाहीत, कारण गरज वाटली नाही. वाघीण बागात आहे याला आधार म्हणून खाली एकच गोष्ट लिहिली आहे. कंसात.

बाबूने विचारलं, "मॅडम, हे भंगाळे तुमचे कोणी लागतात का?"

मी नाही म्हटलं.

गौरवग्रंथात फोटो घालायचा तर घाला, कॉलेजच्या जुन्या स्मरणिकेत एक आहे. पान लिहून देणार नाही. जळगावला येणार नाही. पंच्याहत्तरी माझी आहे, तुमची गडबड तुमची आहे.

एकच सांगते आणि थांबते. तू हलकं वाटलं लिहिलंस. तसंच सगळ्यांना वाटतंय, खात्याला, समितीला, त्या दिपमालालाही वाटत असेल. मी परत अर्ज केला, कॅमेरे लावा म्हणून. नामंजूर झाला. हरवलेलं असेल ते शोधायचं असतं, आणि ती हरवलेली नाही. आपल्या दोघांच्या नावावर ती कागदात व्यवस्थित राहते आहे. तो कागद खरा आहे, तू साक्ष दिली आहेस. तेव्हा तो असेपर्यंत तिला शोधायला कुणी जाणार नाही.

चारुलता भंगाळे